मांडवीचा ताप आणि एका नगरसेवकाचे निवेदन

काही वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यातील एक रविवार. सकाळची दुसरी मिस्सा आटोपून मी बाहेर आलो, तेव्हा पायरीशी सत्तरीच्या घरातले एक गृहस्थ छत्री मिटून उभे होते. आमच्याच धर्मग्रामातील. माझ्या हाती अर्जाच्या तीन प्रती देत ते म्हणाले, “फादर, आमच्या विहिरीत गटाराचं पाणी उतरतंय. तीनदा अर्ज दिला. पहिल्यांदा म्हणाले, साहेब रजेवर आहेत. दुसऱ्यांदा म्हणाले, साहेबांची बदली झाली. तिसऱ्यांदा म्हणाले, हे काम आमच्याकडे येत नाही. पूर्वी आपण निवडून दिलेला माणूस तरी होता. त्याच्या ओट्यावर जाऊन भांडता येत होतं. आता सांगायचं कोणाला?”

मी त्यांना चहा दिला, चौथा अर्ज लिहून दिला, धीराचे दोन शब्द बोललो. पण त्यांच्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. त्या दुपारी मला मुंबईतील धोबी तलावाजवळचा, मेट्रो सिनेमासमोरचा एक पुतळा आठवला. सेमिनरीत असताना त्या चौकातून आम्ही अनेकदा गेलो असू. एकदा आमच्यासोबत असलेल्या वयोवृद्ध फादरांनी त्याच्याकडे बोट दाखवून म्हटले होते, “हे डॉक्टर व्हिएगस. मुंबईतला प्लेग यांनी ओळखला.” आम्ही माना डोलावल्या आणि बस पकडायला धावलो.

पुढे डीकन म्हणून एका जुन्या धर्मग्रामात काही महिने राहण्याचा योग आला. तेथील दफनविधीच्या नोंदवह्या उन्हात घालण्याचे काम माझ्याकडे आले. शंभर वर्षांपूर्वीची ती पाने उलटताना एका जागी हात थांबला. एरवी एका पानावर दोन-तीन महिन्यांच्या नोंदी मावत. येथे एकेका आठवड्याला पान पुरत नव्हते. मृत्यूच्या कारणाच्या रकान्यात तोच एक शब्द पुनःपुन्हा येत होता. तो प्लेगचा काळ होता. पुतळ्यातला डॉक्टर आणि वहीतली ती नावे यांचा संबंध मला त्या दिवशी प्रथम जाणवला. तेव्हापासून या विषयावर जे वाचत आलो, त्याचे सार वाचकांपुढे ठेवीत आहे. डॉ. आकासिओ गाब्रिएल व्हिएगस हे निष्णात डॉक्टर होते हे खरेच; परंतु १८९६ साली त्यांनी जे केले ते डॉक्टरइतकेच नगरसेवकाचेही काम होते, असे मला वाटते.

सभागृह कसे मिळाले

प्रथम हे सभागृह आले कोठून ते पाहू. १८६५ च्या कायद्याने मुंबईच्या नगरकारभारासाठी म्युनिसिपल कमिशनर हे पद निर्माण झाले. त्यांच्यावर देखरेख करायची ती जस्टिस ऑफ द पीस या मंडळींनी. हे जस्टिस म्हणजे सरकारने नेमलेले प्रतिष्ठित नागरिक. त्यांना कोणी निवडून दिलेले नव्हते आणि कमिशनरला आवर घालण्याचे पुरेसे साधनही त्यांच्या हाती नव्हते. पहिले कमिशनर आर्थर क्रॉफर्ड हे कर्तबगार आणि घाईचे गृहस्थ. त्यांनी रस्ते रुंद केले, साफसफाईला वळण लावले, मोठी मंडई उभारली. १८६९ साली पुरी झालेली ती मंडई क्रॉफर्ड मार्केट म्हणून प्रसिद्ध झाली आणि आज ती महात्मा जोतिबा फुले यांच्या नावाने ओळखली जाते. मात्र खर्च मंजुरीच्या पलीकडे गेला. अमेरिकेतील यादवी युद्ध संपताच कापसाची तेजी कोसळली होती, घरोघरी नुकसान झाले होते आणि त्यातच करांचा बोजा वाढला. १८७०-७१ मध्ये करदात्यांनी आवाज उठवला. नौरोजी फर्दुनजींसारखे हिशेबाला चोख कार्यकर्ते पुढे सरसावले. आमचा पैसा कोठे गेला, हा त्यांचा साधा प्रश्न होता.

त्या वादात एका तरुण बॅरिस्टरने वेगळा विचार मांडला. १८७१ च्या नोव्हेंबरमध्ये फिरोजशहा मेहता यांनी धोबी तलावावरील फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये एक निबंध वाचला. त्यांचे म्हणणे असे की, दोष कमिशनरच्या अधिकारांत नाही. काम करणारा अधिकारी एकच असावा आणि समर्थ असावा. परंतु त्याला जाब विचारणारे सभागृह लोकांनी निवडलेले असावे. क्रॉफर्डवर चिडलेल्या श्रोत्यांना हे रुचले नाही. तरी पुढील कायद्यांची दिशा पाहिली, तर विजय याच विचाराचा झाला असे म्हणावे लागेल.

१८७२ च्या कायद्याने ६४ सभासदांची महापालिका स्थापन झाली. त्यांपैकी ३२ करदात्यांनी निवडायचे, १६ जस्टिसांनी आणि १६ सरकारने नेमायचे. १८८८ चा कायदा अधिक परिपक्व होता. त्याच्या घडणीत फिरोजशहा मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांचा मोठा वाटा होता. या कायद्याने सभासदसंख्या ७२ झाली: ३६ वॉर्डांतून, १६ जस्टिसांतून, प्रत्येकी दोन मुंबई विद्यापीठ आणि व्यापारी मंडळ यांच्याकडून आणि १६ सरकारनियुक्त. बारा सभासदांची स्थायी समिती दर आठवड्याला बसून खर्च आणि कारभार पाहू लागली. कमिशनर सरकारचाच, पण त्याला पैसा हवा असेल तर समितीपुढे यावे लागे आणि उत्तरही द्यावे लागे.

एक मर्यादा मात्र ध्यानात ठेवली पाहिजे. मत होते ते ठराविक कर भरणाऱ्यांनाच. गोदीत ओझी वाहणारा हमाल, गिरणीतला कामगार, रस्ते आणि संडास साफ करणारा हलालखोर हे या सभागृहाचे मतदार नव्हते. त्यांची गाऱ्हाणी तेथे पोहोचायची तर ती कोणा सभासदाच्या सद्सद्‌विवेकामार्फतच पोहोचणार.

हडफड्याचा डॉक्टर

आकासिओ व्हिएगस यांचा जन्म १८५६ साली गोव्यातील बार्देश तालुक्यातल्या हडफडे या गावी झाला. असंख्य गोवेकर ख्रिस्ती कुटुंबांप्रमाणे शिक्षण आणि उद्योगाच्या निमित्ताने ते मुंबईचे झाले. ग्रँट मेडिकल कॉलेजातून १८८० साली त्यांनी एल. एम. अँड एस. ही पदवी घेतली आणि शहरात वैद्यकी सुरू केली. नव्या कायद्याच्या वर्षीच, म्हणजे १८८८ साली, ते महापालिकेवर निवडून आले.

मांडवी हा त्यांच्या वैद्यकीचा भाग. बंदराला लागून असलेली ही वस्ती म्हणजे शहराचे धान्यकोठार. १८८० साली प्रिन्सेस डॉक सुरू झाल्यापासून येथली वर्दळ फारच वाढली होती. खाली धान्याच्या वखारी, वर माणसांची दाटी. एकेका अंधाऱ्या खोलीत अनेक बिऱ्हाडे. नळाचे पाणी शहरात आले होते. १८६० साली विहारचे, पुढे तुळशीचे आणि १८९२ मध्ये तानसाचे. पण आलेले पाणी बाहेर वाहून नेणारी गटारे त्या वेगाने झाली नाहीत. पाणी जमिनीत मुरत राहिले, चाळींची जोती ओली राहिली. नगरकारभारात जे काम डोळ्यांना दिसते त्याला पैसा लवकर मिळतो आणि जमिनीखालचे काम मागे पडते, हा अनुभव केवळ आपल्याच काळातला नव्हे.

१८९६ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात मांडवीतील वखारींमध्ये उंदीर मरून पडू लागले. मागोमाग माणसे तापाने फणफणू लागली. जांघेत किंवा काखेत गाठ येई, रोगी बरळू लागे आणि तीन-चार दिवसांत संपे. दोनच वर्षांपूर्वी, १८९४ मध्ये, हाँगकाँगमध्ये प्लेगने थैमान घातले होते आणि अलेक्झांडर यर्सिन या शास्त्रज्ञाने तेथे त्या रोगाचा जंतू शोधून काढला होता. हाँगकाँगशी मुंबईचा जहाजांचा नित्य व्यवहार होता. पुस्तकात वाचलेला रोग व्हिएगसांनी मांडवीच्या खोल्यांतून रोग्याच्या अंगावर पाहिला.

२३ सप्टेंबर १८९६

त्या दिवशी स्थायी समितीची सभा होती. या सभेत सभासद डॉ. व्हिएगस यांनी निवेदन केले की मांडवीत गाठीचा प्लेग आला आहे.

हे वाक्य उच्चारणे सोपे नव्हते. मुंबई हे साम्राज्याचे मोठे बंदर. प्लेग हा शब्द एकदा सरकारी कागदावर आला की परदेशची बंदरे मुंबईच्या जहाजांना अडवणार, कापूस आणि धान्य पडून राहणार, गिरण्या थंडावणार, व्यापारी बुडणार. महापालिकेत बसणाऱ्या अनेकांचे हितसंबंध याच व्यापारात गुंतलेले होते. शिवाय निदान चुकले असते, तर डॉक्टरची वैद्यकी आणि सभासदाची खुर्ची दोन्ही धोक्यात आली असती. पालिकेचा आरोग्य विभाग त्यांच्या हाताखाली नव्हता; तो होता आरोग्याधिकारी डॉ. वेअर यांच्याकडे. सभासदाने अधिकाऱ्याच्या आधी असे सांगणे म्हणजे त्या विभागावर ठपका ठेवण्यासारखेच होते.

आणि झालेही तसेच. अनेकांनी शंका घेतली. सरकारी भाषेत बराच काळ ‘गाठींचा ताप’ असा सौम्य शब्द चालला. रोग आहे, पण फार तीव्र नाही, असे सांगण्याकडे अधिकाऱ्यांचा कल राहिला. सरकारने पाठवलेले डॉ. वाल्डेमार हाफकिन ऑक्टोबरमध्ये मुंबईत पोहोचले आणि सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी होऊन निदानावर शिक्कामोर्तब झाले. मांडवीच्या डॉक्टरचे बरोबर होते.

व्हिएगसांपुढे दुसरेही मार्ग होते, हे विसरता कामा नये. त्यांना आरोग्याधिकाऱ्याच्या कानात सांगता आले असते. आणखी काही रोगी पाहू, मग बोलू, असे म्हणता आले असते. आपल्या श्रीमंत रुग्णांना तेवढे सावध करून गप्प बसता आले असते. ते सभेत बोलले. त्यामुळे त्यांच्या म्हणण्याची नोंद झाली आणि आम्हांला ठाऊक नव्हते असे म्हणण्याची सोय त्यानंतर कोणालाच राहिली नाही. प्रशासनाची जबाबदारी निश्चित करणे याचा अर्थ बऱ्याचदा एवढाच असतो: माहिती खासगीतून काढून सभेच्या कागदावर आणणे. ज्यांच्या घरी त्यांनी तो ताप पाहिला, त्यांतल्या हमाल-मजुरांना त्यांना मत देता येत नव्हते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या निवेदनाचे मोल अधिकच वाढते.

सत्य बाहेर पडल्यानंतर

येथून पुढची हकिकत दुःखाची आहे आणि ती टाळून इतिहास सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

६ ऑक्टोबर १८९६ रोजी म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनी जाहीरनामा काढला. रोग्यांना वेगळे ठेवण्याचे, प्रसंगी सक्तीने इस्पितळात हलवण्याचे, घरे रिकामी करून निर्जंतुक करण्याचे अधिकार त्यांनी घेतले. लोकांना इस्पितळ म्हणजे मरणाचे दार वाटे. घरातला आजारी माणूस परके लोक उचलून नेतात, तो पुन्हा दिसत नाही, त्याचे अंत्यसंस्कार कोण करतो ठाऊक नाही. मग घरोघरी रोगी लपवले जाऊ लागले. २९ ऑक्टोबरला सुमारे एक हजार गिरणी कामगारांनी आर्थर रोड इस्पितळावर हल्ला केला. त्याच सुमारास अधिकाऱ्यांना आणखी एक भीती वाटू लागली. हलालखोर शहर सोडून गेले तर? ज्यांना मत नव्हते, मान नव्हता, त्यांच्या हातावर साऱ्या शहराचे जीवित अवलंबून होते, हे त्या दिवसांत सर्वांना कळून चुकले. जाहीरनामा सौम्य करावा लागला.

माणसे पळू लागली. १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत शहराची जवळपास निम्मी वस्ती बाहेर पडली होती. गिरण्यांना कामगार मिळेनात. रस्त्याच्या कोपऱ्यावर रोजंदारीची बोली लागू लागली. इकडे हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःच्या अंगावर तिचा प्रयोग केला. व्हिएगसांनी पुढे हजारो लोकांना स्वतः ती लस टोचली. गलिच्छ वस्त्यांची सफाई आणि उंदरांचा नायनाट यांसाठी ते झटत राहिले. रोगाचा प्रसार उंदरांवरील पिसवांमुळे होतो, हे पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत दाखवून दिले. आणि ते सर्वमान्य होण्यासही आणखी काही वर्षे जावी लागली.

फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा झाला. मार्चमध्ये सरकारने ब्रिगेडियर जनरल गॅटेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमली आणि साथीचा कारभार निवडून आलेल्या सभागृहाच्या हातून काढून घेतला. घरांची झडती, स्टेशनांवर तपासणी, छावण्यांत विलगीकरण सुरू झाले. पुण्यात याच सक्तीतून असंतोष भडकला आणि २२ जून १८९७ रोजी प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. मुंबईत ९ मार्च १८९८ रोजी मदनपुऱ्यात विणकरांच्या वस्तीत, एका घरातील मुलीच्या तपासणीवरून दंगल पेटली. तेव्हा कोठे सक्तीचा जोर ओसरू लागला. निरनिराळ्या समाजांना स्वतःची इस्पितळे चालवण्यास मुभा मिळाली. तेथे आपली भाषा बोलणारी, आपले आचार जाणणारी माणसे शुश्रूषेला असल्याने लोक रोगी आणू लागले. जे संगिनींनी साधले नाही ते थोड्याफार विश्वासाने साधले.

जनरल गॅटेकर यांच्या समितीतील माणसे आळशी नव्हती. त्यांतील कित्येकांनी जीव धोक्यात घालून काम केले. पण झडतीला आलेल्या पथकाने मर्यादा सोडली तर तक्रार कोणाकडे न्यायची? सभागृह होते, तेव्हा निदान एक सभासद उभा राहून प्रश्न विचारू शकत होता. ते बाजूला सारल्यावर लोकांपाशी दोनच गोष्टी उरल्या: लपणे किंवा दगड उचलणे. आमच्या त्या वृद्ध गृहस्थांचा प्रश्न मला येथे पुन्हा ऐकू येतो.

रुंद रस्ते, अरुंद खोल्या

प्लेगने आणखी एक संस्था जन्माला घातली. १८९८ च्या कायद्याने सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्या मोडून हवा खेळेल असे रस्ते काढावेत आणि गरिबांसाठी निरोगी घरे बांधावीत, हा हेतू. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड हे रस्ते त्यातूनच झाले. पण या ट्रस्टमध्येही लोकनियुक्त महापालिकेचे प्रतिनिधी अल्पसंख्य होते. घरे पाडली गेली वेगाने. नवी बांधली गेली सावकाश. हटवलेली गरीब कुटुंबे शेजारच्या चाळींत शिरली आणि तेथील गर्दी अधिकच वाढली. १८९१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या ८,२१,७६४ होती, ती १९०१ मध्ये ७,७६,००६ पर्यंत खाली आली. माणसे कमी झाली तरी गरिबाच्या खोलीतली दाटी हटली नाही. हेतू चांगला असला तरी ज्याच्यासाठी काम करायचे त्याला बोलायला जागा नसली, म्हणजे असे होते. हा ट्रस्ट अखेर १९३३ साली महापालिकेत विलीन झाला.

व्हिएगस या साऱ्या काळात सभागृहात टिकून राहिले. प्लेग एका वर्षात गेला नाही. तो वर्षानुवर्षे हिवाळ्याच्या सुमारास परत येत राहिला आणि पुढील दोन-अडीच दशकांत देशभर एक कोटीहून अधिक बळी घेऊन गेला. एक भाषण करून प्रसिद्धी मिळवणारे सभासद तेव्हाही असतील. मात्र गटारे, पाणी, झाडलोट, खर्चाची कलमे या रुक्ष विषयांवर वर्षामागून वर्ष बैठका करणे हे वेगळे काम आहे. १९०६ मध्ये त्यांची महापालिकेचे अध्यक्ष म्हणून निवड झाली. हा मान मिळवणारे ते पहिले एतद्देशीय ख्रिस्ती. ७२ सभासदांच्या त्या सभागृहात पारशी, हिंदू, मुसलमान, युरोपीय अशा सर्वांचे प्रतिनिधी होते. ख्रिस्ती मते तेथे मूठभरच. तेव्हा हा मान त्यांना समाजाच्या संख्याबळावर मिळाला नव्हता. तो त्यांच्या कामाला मिळाला होता.

१९३३ साली त्यांचे निधन झाले. काळबादेवीजवळच्या कावेल भागातील रस्त्याला आज त्यांचे नाव आहे. त्याच डॉ. व्हिएगस स्ट्रीटवर आरोग्यमातेचे जुने चर्च उभे आहे. रोग ओळखणाऱ्या डॉक्टरचे नाव आणि आरोग्यमातेचे मंदिर एका पत्त्यावर यावे, हा योगायोग मला मोठा अर्थपूर्ण वाटतो.

क्रूस आणि इतिवृत्त

मुंबईच्या जुन्या गावठाणांतून हिंडताना, गिरगावातील खोताच्या वाडीत, माझगावच्या माथारपाखाडीत, वांद्र्याच्या पाड्यांत, जागोजागी क्रूस दिसतात. त्यांतील काही प्लेगच्या काळात उभारलेले आहेत. संसर्गाच्या भीतीने लोक चर्चपर्यंत जात नसत. मग संध्याकाळी आळीतल्या क्रूसापाशी जमून रोझरी म्हणत. काही कुटुंबांनी बचावल्याबद्दल कृतज्ञता म्हणून क्रूस बांधले. आजही अनेक ठिकाणी मे महिन्यात तेथे फुले वाहिली जातात आणि लितानी म्हटली जाते. ही स्मृती आपण जपली, हे फार चांगले झाले.

पण त्याच साथीची दुसरी स्मृती आपण गमावली. आपल्यातलाच एक माणूस पालिकेच्या सभेत उभा राहिला आणि न भिता बोलला, ही ती स्मृती. मी अनेक युवक-शिबिरांत विचारून पाहिले आहे. व्हिएगसांचे नाव क्वचितच कोणाला ठाऊक असते. यात युवकांचा दोष नाही. संतांच्या आणि धर्मगुरूंच्या कथा आम्ही सांगत आलो. स्थायी समितीच्या सभासदाची कथा सांगण्यासारखी आहे, हे आम्हांलाच सुचले नाही. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या आपल्या दस्तऐवजात, लोककल्याणासाठी सार्वजनिक जबाबदारीचा भार उचलणाऱ्यांची मुक्तकंठाने प्रशंसा केली आहे. तरीही आपल्या घरांत “राजकारण आपले काम नव्हे” हे वाक्य अजून अभिमानाने बोलले जाते. गटार तुंबले म्हणजे मात्र आपण शोध करू लागतो, की सांगायचे कोणाला.

१९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने शहरांतील स्वराज्य संस्थांना संविधानात स्थान दिले. पाच वर्षांची मुदत संपण्याआधी निवडणूक झाली पाहिजे, असा दंडक घातला. प्रत्यक्षात काय घडले? ७ मार्च २०२२ रोजी मुंबई महापालिकेची मुदत संपली आणि प्रभागरचना, आरक्षण व न्यायालयीन वाद यांत निवडणूक २०२६ च्या जानेवारीपर्यंत लांबली. जवळपास चार वर्षे स्थायी समितीचे, सभागृहाचे आणि आयुक्तांचे अधिकार एकाच अधिकाऱ्याच्या हाती राहिले. महाराष्ट्रातील इतर अनेक शहरांचीही हीच कथा. त्या अधिकाऱ्यांनी काम केले नाही, असे मी म्हणत नाही. क्रॉफर्डही काम करीत होतेच. पण खर्च मंजूर करणारा आणि खर्च करणारा एकच असला, म्हणजे १८७१ साली करदात्यांनी विचारलेला प्रश्न विचारायला कोणी उरत नाही. दीडशे वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांनी भांडून मिळवलेली गोष्ट आपल्या हातून इतक्या सहज निसटली आणि शहरात फारशी खळबळही उडाली नाही, याचे मला अधिक दुःख होते.

सभागृह परत आले म्हणजे सारे झाले, असेही नव्हे. नगरसेवक गप्प बसला तर सभागृह असून नसल्यासारखेच. आणि नगरसेवकाने बोलावे असे वाटत असेल, तर त्याला सांगणारी माणसे हवीत. व्हिएगस मांडवीच्या जिन्यांवरून चढत-उतरत होते, म्हणून त्यांना बोलण्यासारखे काही सापडले. आपल्या वॉर्डातील कामांची यादी, त्यांवर झालेला खर्च, सभेचे इतिवृत्त ही आपल्याला मागता येणारी कागदपत्रे आहेत. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने ते दार प्रत्येकाला उघडले आहे. सुवार्तेतील धन्याने कारभाऱ्याला बोलावून हिशेब मागितल्याचा दाखला आम्ही प्रवचनात नेहमी देतो. लोकशाहीत धनी कोण, याचाही विचार व्हायला हवा.

त्या गृहस्थांच्या विहिरीचे काय झाले, असे वाचक विचारतील. चौथ्या अर्जाला उत्तर आले नाही. तेव्हा आमच्या धर्मग्रामातील दोन तरुणांनी माहिती अधिकाराखाली अर्ज केला. त्या गटाराचे काम कोणत्या खात्याकडे आहे आणि शेवटची दुरुस्ती केव्हा झाली, एवढेच त्यांनी विचारले. महिन्याभराने उत्तर आले. ज्यांनी “हे काम आमच्याकडे येत नाही” म्हणून सांगितले होते, त्याच खात्याच्या नावाने ते होते. दिवाळीच्या सुमारास गटाराला काँक्रीटचा थर चढला. विहीर उपसून घेण्यात आली, तरी पिण्यासाठी ते पाणी अजून कोणी वापरत नाही. तो कागद मात्र त्या गृहस्थांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवला आहे. गेल्या वेळी भेटले तेव्हा म्हणाले, “फादर, आता नवा मेंबर निवडून आला की पहिल्याच दिवशी हा कागद त्याच्या हातात देणार आहे.”